साडेपाचची टेकडी

थंड खोलीत लोखंडी रॅक होते अकरा. छताला पंखे चार, दिवे दोन, आणि त्यातला एक डोळा मारल्यासारखा लुकलुकणारा. दार एक, हातभर जाड, त्यामागे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. लसींचे खोके तिने मोजले नाहीत. ते तिचं काम नव्हतं. तिला फक्त सेन्सर कुठे बसवायचे ते ठरवायचं होतं, आणि त्यासाठी खोलीत ऊब देणारी प्रत्येक वस्तू टिपून घ्यायची होती. रॅक अकरा, पंखे चार, दिवे दोन, दार एक... आणि शेवटच्या रॅकमागे एक माणूस.

माणूस यादीत नव्हता.

"अहो!" ती दचकून दोन पावलं मागे सरली.

"अहो तर अहो," रॅकमागून उत्तर आलं. गुडघ्यापर्यंतचं तपकिरी फुगीर जॅकेट, कानटोपी, हातात खोका. झोपेतून नुकतंच उठवलेलं अस्वल दिसावं तसा.

"इथे कोणी नसेल असं मला सांगितलं होतं."

"मलाही तेच सांगितलं होतं." त्याने तिच्या हातातल्या कागदाकडे मान वळवली. "मलापण मोजलंत की काय?"

"मोजावंच लागेल. उभा माणूस शंभरेक वॅट ऊब देतो. एका मोठ्या बल्बइतकी."

"बघा! आणि आमची आई म्हणते, माझा कुठेच उजेड पडत नाही."

तिला हसू आलं. पण पहिल्याच दिवशी, अनोळखी माणसासमोर, कामाच्या ठिकाणी... तिने ते ओठांत दाबलं. तोवर तो खोका घेऊन दारापर्यंत पोचला होता आणि पाठीने दार अडवून, अर्धा आत अर्धा बाहेर, तिच्याकडे वळून म्हणत होता, "मी इथला फार्मासिस्ट. लसींचा राखणदार म्हणा. तुम्ही...?"

"दार लावा आधी," ती म्हणाली. "चाळीस सेकंद झाले."

"बाप रे," तो म्हणाला. "घड्याळबाई!"

आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

*

घड्याळबाईला भौतिकशास्त्राची पदवी घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. या लसभांडारात तिला घेतलं होतं ते एकाच कामासाठी: थंड खोलीचं तापमान माणसाच्या भरवशावर न ठेवता यंत्राने टिपायचं. दोन अंशांच्या खाली नको, आठच्या वर नको. तिने सेन्सर बसवले, सर्व्हरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली, आणि दर पाच मिनिटांनी ती आपोआप चालेल अशी व्यवस्था केली. स्क्रिप्ट सेन्सर वाचायची, वेळ टाकायची, आकडा लिहायची. रोज सकाळी ती कामावर येई तेव्हा आदल्या दिवसाचा आलेख तयार असायचा. अगदी सकाळचं वर्तमानपत्र दारात पडावं तसा.

पहिले दोन महिने मात्र यंत्राची पडताळणी हवी, असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. मोठ्या बाई म्हणजे भांडारप्रमुख. म्हणून रोज अकराला, गाडी भरण्यासाठी दार उघडायचं तेव्हा, ती हातातला थर्मामीटर घेऊन खाली यायची. दाराजवळच्या सेन्सरचा आकडा आणि थर्मामीटरचा आकडा ताडून बघायची. दोन्ही सारखेच निघायचे. दोन मिनिटांचं काम.

त्यानंतरचं बोलणं काही कुठे नोंदवलं जात नव्हतं. असं तिला वाटायचं.

"घड्याळबाई, आज उशीर? तीन मिनिटं?"

"जिन्यात गर्दी होती."

"जिन्यात? इथे तिसरा माणूस चढतो का जिना?"

तो पाठीने दार अडवून उभा राहायचा, अर्धा हिवाळ्यात, अर्धा उन्हाळ्यात. बाहेरच्या बोळात ऊन भिंतीला चिकटल्यासारखं असायचं, आणि आतून येणारी गार हवा तिच्या पायांवरून वाहत जायची. तो बाहेर वळला की त्याच्या चष्म्यावर लगेच धुकं धरायचं. पांढरंशुभ्र. अर्धं मिनिट तरी त्याला काही दिसायचं नाही. चष्मा पुसायला हात मोकळे नसायचे, कारण हातात खोका.

हे अर्धं मिनिट तिचं होतं. तेवढ्यात तिला त्याच्याकडे हवं तसं बघता यायचं... कानटोपीतून निसटलेले केस, गारव्याने लाल झालेलं नाकाचं टोक, हनुवटीवरची जुनी खूण. धुकं विरलं की ती थर्मामीटर बघायला लागायची.

"काय आलं?"

"चार पॉइंट एक."

"कालही चार पॉइंट एक होतं. तुमच्या आयुष्यात काही घडतच नाही का हो?"

गाडीचे ड्रायव्हरकाका लांबून हॉर्न द्यायचे. एकदा. मग थोड्या वेळाने दोनदा.

*

आणि मग ती टेकडी दिसली.

आलेखात रोज पहाटे साडेपाचच्या सुमाराला रेघ वर चढायची, चाळीसेक मिनिटं वरच राहायची आणि उतरायची. चार अंशांवरून साडेसहा, कधी सात. आधी तिला वाटलं, बर्फ वितळवायला गारव्याचं यंत्र मध्ये थांबत असेल. पण गेल्या आठवड्यात एक दिवस टेकडीचं टोक आठच्या रेषेच्याही वर गेलं. आठ पॉइंट तीन.

नियमाप्रमाणे तिने आलेख छापला आणि मोठ्या बाईंपुढे ठेवला. त्या क्षणी तिला अभिमानच वाटला होता. यंत्राने पकडलं! माणसाच्या नजरेतून सुटलं ते तिच्या स्क्रिप्टने पकडलं!

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "साडेपाचला इमारतीत कोण असतं?"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. साडेपाचला इमारत उघडायला एकच माणूस येत असे.

त्याला बोलावलं. तो जॅकेटशिवाय आला; जॅकेट नसलं की तो एकदम बारीक, कॉलेजातल्या मुलासारखा दिसायचा. त्याने आलेख बघितला आणि खरंच गोंधळून म्हणाला, "साडेपाचला मी जनरेटर तपासतो, बाई. थंड खोलीचं दार मी अकराच्या आधी उघडतच नाही. माझ्या नोंदीत आहे."

"तुमच्या नोंदीत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण यंत्राच्या नोंदीत दुसरंच आहे. दोन्हीपैकी एक नोंद खोटी."

तो तिच्याकडे वळला. "तुम्हाला काय वाटतं?"

खोलीत पंखा फिरत होता. ती म्हणाली, "मी तीनदा तपासलं. स्क्रिप्ट हाताने चालवून बघितली. वेळ बरोबर, आकडा बरोबर. यंत्र... यंत्र खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग अकराला मी गाडी भरतो तेव्हा तुमची रेघ सपाट कशी?" त्याने आलेखावर बोट ठेवलं. "ही बघा अकराची वेळ. सरळ पट्टीने काढल्यासारखी. मी काय भिंतीतून माल काढतो?"

"पडद्यामुळे असेल," ती कसंबसं म्हणाली.

"असेल," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याने तिला घड्याळबाई म्हटलं नाही. "असेल, मॅडम."

दाराजवळच्या रॅकवरचा माल बाहेरच्या शीतपेटीत बाजूला काढून ठेवला गेला. वरच्या कार्यालयाला अहवाल जाणार होता. निष्काळजीपणा झाला तर समज देऊन भागतं. पण खोटी नोंद केली असं ठरलं तर फार्मासिस्टच्या परवान्यावरच शेरा येतो, आणि तो शेरा जन्मभर पुसला जात नाही. मोठ्या बाईंनी शुक्रवारी दुपारी चारची वेळ दिली. "तोवर दोघांपैकी कोणाला काही सुचलं तर सांगा."

त्यानंतर अकराला ती खाली जायची, तेव्हा तो दाराबाहेर चार खोके काढून ठेवायचा, दार लावायचा आणि पाठ करून उभा राहायचा. आत ठेवलेला तिचा थर्मामीटर तो परत तिच्या हातात देत नसे. खोक्यावर ठेवायचा.

*

शुक्रवारी सकाळी तिने चहा पुढ्यात घेतला आणि तो तसाच निवू दिला.

"काय गं शहाणे," ताई म्हणाली, "कपात काय भविष्य दिसतंय?" ताई शाळेत शिकवायची, सकाळी सातलासुद्धा तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा असायचा.

"ताई, मी स्क्रिप्ट दहा वेळा चालवून बघितली. माझ्यासमोर ती अगदी बरोबर चालते."

"मग?"

"मग काही नाही. म्हणजे यंत्र बरोबर आहे. म्हणजे तो..."

ताईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तो कोण, ते मी विचारत नाहीये. पण एक सांगू? माझा वर्गसुद्धा माझ्यासमोर अगदी बरोबर चालतो. हाताची घडी, तोंडावर बोट. मी वर्गात नसताना काय चालतं ते बघायचं तर मला खिडकीतून बघावं लागतं."

ती ताईकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"मी नेहमी वर्गात जाऊनच बघत होते," ती म्हणाली, आणि चहा तसाच टाकून निघाली.

*

कामावर मात्र सगळंच आडवं आलं. आधी वीज गेली, मग सर्व्हर सुरू व्हायला वेळ लागला, मग मोठ्या बाईंनी दुसऱ्याच कुठल्या तक्त्यासाठी बसवून ठेवलं. ती तिच्या टेबलापाशी पोचली तेव्हा दुपार कलायला लागली होती.

विचार साधा होता, आणि आधी सुचला नाही याची तिला आता लाज वाटत होती. आपण टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडतो तेव्हा ते हुकूम पाळणारं शेल कामाला लागण्याआधी एक छोटी फाईल वाचतं. सुरुवातीची फाईल. त्यात आपल्या सवयी लिहिलेल्या असतात: कुठल्या फोल्डरमध्ये प्रोग्राम शोधायचे, कुठली भाषा, काय काय. घरात शिरताना चप्पल कुठे काढायची ते माहीत असावं, तसं. पण दर पाच मिनिटांनी तिची स्क्रिप्ट चालवायचा तो क्रॉन, सर्व्हरमधला मुका गडी. तो तिची फाईल वाचतच नाही. त्याला तिच्या सवयी माहीत नाहीत. तो रिकाम्या हाताने येतो, काम करतो आणि जातो.

मग रिकाम्या हाताने म्हणजे नेमकं काय घेऊन?

तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: चालताना तुझ्याभोवती जे जे काही ठरवून ठेवलेलं आहे, ते सगळं एका फाईलमध्ये लिहून ठेव. आणि ती थांबली.

पाच मिनिटं. हाताने चालवण्याचा मोह तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून आवरला. आपण चालवलं की ते पुन्हा आपल्यासमोर शहाण्यासारखं वागणार. खिडकीतून बघायचं. नुसतं बघायचं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेल संपल्यासारखा सरकत होता. खालून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. ड्रायव्हरकाका परत आले वाटतं. त्यांनाही चारला साक्षीला बोलावलं होतं.

फाईल उमटली.

तिने स्वतःची यादी आणि क्रॉनची यादी शेजारी शेजारी उघडली. तिची लांबलचक, पडद्याखाली घसरणारी. त्याची इनमिन पाच ओळींची. ती बोटाने एकेक ओळ खाली येत गेली. हे नाही, चालेल. हेही नाही, चालेल. भाषा, चालेल...

घड्याळ.

तिच्या यादीत एक ओळ होती, घड्याळ कुठल्या प्रदेशाचं धरायचं ते सांगणारी. क्रॉनच्या यादीत ती नव्हती.

आणि तिला आठवलं. इथला तिचा पहिला दिवस. लॉगिन केल्यावर सर्व्हर साडेपाच तास मागची वेळ दाखवत होता. बसवणाऱ्यांनी त्याला जागतिक वेळेवरच सोडून दिलं होतं. सर्व्हरची वेळ बदलण्याचा अधिकार तिला नव्हता. मग तिने काय केलं? स्वतःच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये एक ओळ टाकली. स्वतःपुरतं घड्याळ बरोबर केलं आणि विसरून गेली. म्हणून तिच्यासमोर वेळ नेहमी बरोबर. आणि ती नसताना, अहोरात्र, साडेपाच तास मागे.

साडेपाच म्हणजे साडेपाच नव्हते.

साडेपाच म्हणजे...

तिने घाईघाईने प्रत्येक नोंदीत साडेपाच तास मिळवले. आलेख नव्याने काढला. टेकडी सरकत सरकत उजवीकडे आली आणि बरोबर अकरावर येऊन बसली.

तो सुटला! ती खुर्चीतून उठलीच. पहाटे साडेपाचला दार उघडलंच नव्हतं, त्याची नोंद अक्षर न् अक्षर खरी होती, तो...

मग ती हळूच पुन्हा खाली बसली.

कारण टेकडी अजून तिथेच होती. फक्त जागा बदलली होती. अकराला चार अंशांवरून सात, चाळीस मिनिटं. पण गाडीचा माल काढायला चार मिनिटं पुरतात. मग उरलेला वेळ दार कशाने उघडं राहत होतं?

तिने सुट्ट्यांचे दिवस काढले. सपाट. तिला ताप आला होता ते दोन दिवस काढले. अकराला मुरमाएवढा उंचवटा आणि लगेच सपाट. भांडणानंतरचे दिवस काढले. मुरूम, सपाट. मुरूम, सपाट. आठ पॉइंट तीनचा तो दिवस काढला. त्या दिवशी काय होतं?... त्या दिवशी तो लहानपणी विहिरीत पडल्याची गोष्ट सांगत होता. हनुवटीवरच्या खुणेची. तिनेच विचारलं होतं. काकांनी चारदा हॉर्न दिला होता.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पडद्यावर अख्ख्या दोन महिन्यांचं सगळं मांडलेलं होतं, दर पाच मिनिटांनी एक ठिपका. ती खाली गेली की खोली तापत होती. ती गेली नाही की नाही.

चाळीस सेकंदांवरून ओरडणारी ती. तिने एकदाही म्हटलं नव्हतं, दार लावा.

चारला दहा कमी होते.

*

मोठ्या बाईंच्या टेबलापाशी तो आधीच उभा होता. ड्रायव्हरकाका कोपऱ्यात टोपी हातात घेऊन. ती धापा टाकत आत शिरली आणि बसण्याआधीच म्हणाली, "बाई, चूक माझी आहे. वेळ साडेपाच तास मागे पडत होती. ही टेकडी साडेपाचची नाही, अकराची आहे. यांची नोंद खरी आहे."

तिने दोन्ही याद्या आणि नवा आलेख पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. सुरुवातीची फाईल, मुका गडी, विसरलेली ओळ. मोठ्या बाईंनी मध्ये दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग त्या मागे टेकल्या.

"म्हणजे खोट्या नोंदीचा प्रश्न मिटला."

त्याने श्वास सोडला. तिला तो ऐकू आला. पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"पण," मोठ्या बाई म्हणाल्या, "माल काढायला तुम्ही चार मिनिटं लिहिली आहेत. टेकडी चाळीस मिनिटांची आहे. अकराला एवढा वेळ दार उघडं कशाला?"

काकांनी घसा खाकरला आणि छताकडे बघायला सुरुवात केली.

"माल जास्त असायचा," तो म्हणाला. "मी... मी जरा सावकाश काढतो. पाठीचा त्रास आहे. माझीच चूक आहे बाई, दुसऱ्या कोणाचा संबंध नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चार दिवस या माणसाला सगळ्यांनी खोटं ठरवलं होतं, आणि तो खोटं बोलला नव्हता. आता कोणी त्याला खोटं म्हणत नव्हतं, आणि हा शुद्ध खोटं बोलत होता! तेही इतकं वाईट की काकांनासुद्धा लाज वाटावी. पाठीचा त्रास म्हणे. अस्वलाला.

हे वाक्य अहवालात गेलं की ती मोकळी होती. नुसतं गप्प बसायचं.

"नाही," ती म्हणाली.

"मॅडम, तुम्ही राहू द्या —"

"नाही, बाई. हे बघा." तिने बोट आलेखावर ठेवलं. "हे दोन दिवस मी तापाने घरी होते. उंचवटा पाच मिनिटांत संपलाय. हे रविवार. सपाट. हे गेले चार दिवस. आम्ही... बोलत नव्हतो. पाच मिनिटं. बाकी प्रत्येक दिवशी मी पडताळणीला खाली गेले होते आणि प्रत्येक दिवशी टेकडी आहे. एकही अपवाद नाही. माल कारण असता तर मी नसतानाही टेकडी आली असती." "टेकडी आमच्या बोलण्याची आहे. आम्ही दोघं दारात उभे राहून बोलायचो. यांचं जेवढं चुकलं तेवढंच माझं. माझं जास्त, कारण मी हेच मोजायला इथे आहे."

मग काका हळूच म्हणाले, "मी हॉर्न द्यायचो, बाई."

मोठ्या बाईंनी आतल्या पाच सेन्सरांचे आलेख मागितले. एकेक करून बघितले, बोटाने आठची रेषा धरून. एकही त्या रेषेच्या जवळपास गेला नव्हता. तापला होता तो फक्त दाराजवळचा. लसी सुरक्षित होत्या. त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि लिहिताना वर न बघता म्हणाल्या, "दोघांनाही लेखी समज. ती घड्याळाची ओळ स्क्रिप्टच्या आत जाईल, कोणाच्या खासगी फाईलमध्ये नाही. आजच."

"घातली, बाई."

"आणि बाहेर बोळात एक बाक आहे. सरकारने बसण्यासाठीच दिलाय." त्यांनी सही केली. "दार लावून बाहेर बोला. जा."

*

बोळात ऊन तिरपं झालं होतं. तो पुढे, ती मागे. दोघंही थंड खोलीपर्यंत आले. बाजूला काढलेला माल परत रॅकवर लावायचा होता. त्याने जॅकेट चढवलं, एक खोका आत नेला, दुसरा नेला. ती बाहेर उभी. शेवटचा रिकामा खोका हातात घेऊन तो बाहेर आला, आणि चष्म्यावर पांढरं धुकं धरलं.

ती बघत राहिली. हनुवटीवरची खूण. विहिरीची.

"बघून झालं?" तो म्हणाला.

"काय?"

"रोज माझ्या चष्म्यावर धुकं आलं की तुम्ही माझ्याकडे बघता."

"तुम्हाला... तुम्हाला कसं कळतं? तेव्हा तुम्हाला दिसत नाही ना?"

"दिसत नाही. पण तेवढा वेळ तुम्ही बोलायच्या थांबता." धुक्यामागून तो हसत होता. "एरवी कुठे थांबता?"

तिला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्याच वेळी पळत जाऊन जिना चढून गच्चीवर ओरडावंसंही वाटलं.

"चष्मा पुसायला मला दोन सेकंद लागतात," तो म्हणाला. "खोका खाली ठेवायचा आणि पुसायचा. कधी पुसला मी?"

"नाही," ती हळूच म्हणाली.

"का पुसला नसेल, सांगा बघू. तुम्ही शास्त्र शिकलात."

"पुरावा पुरेसा नाही," ती म्हणाली. आता हसू दाबायची गरज नव्हती. "आणखी नोंदी लागतील."

"किती?"

"बऱ्याच... मी तुम्हाला खोटं ठरवलं. मोठ्या बाईंसमोर. 'यंत्र खोटं बोलत नाही' म्हणाले."

"यंत्र खोटं बोललंच नाही. ते बिचारं परक्या देशाचं घड्याळ घालून फिरत होतं." तो जरा थांबला. पुढचं बोलताना त्याचा आवाज खाली आला. "चार दिवस फार वाईट गेले, घड्याळबाई. परवान्याची भीती होतीच. पण अकरा वाजायचे ना... ते जास्त वाईट होतं."

"माझेपण," ती म्हणाली. "अकरा."

धुकं विरलं. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि ती थर्मामीटर बघायला लागली नाही. बघायला थर्मामीटर नव्हताच. तो वर टेबलावर राहिला होता. दोघं तशीच उभी राहिली, आणि तिच्या पायांवरून गार हवा हळूहळू वाहत जात होती. पायांवरून... गार...

"दार लाव आधी!" ती ओरडली.

त्याने टाचेने दार ढकललं. कडी लागल्याचा आवाज आला. मग त्याच्या लक्षात आलं.

"काय म्हणालीस?"

"दार लाव म्हणाले."

"पुन्हा म्हण."

"लागलंय आता," ती म्हणाली आणि बाकाकडे वळली.

*

दुसऱ्या दिवशी ती अकराला दोन मिनिटं असतानाच खाली आली. चार मिनिटांत गाडी भरून झाली. काकांना हॉर्न द्यावा लागला नाही. ते दोघं बाकावरून उठले तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते.

अकरा वाजून पंधरा मिनिटांपासून सव्वाबारापर्यंतच्या सगळ्या नोंदी, दाराजवळचा सेन्सर: ४.१ अंश.